सम्यक् स्मृति आणि आपला संसार



दरवर्षीं विजयादशमीच्या सुमारास नागपुरांतील दीक्षाभूमीकडे जाणारे सारे रस्ते माणसांनीं फुलून जातात. विदर्भ-मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून, इतकेंच नव्हे तर परप्रांतांतूनहि आलेली मंडळी पांढरीं वस्त्रें नेसून, लेंकरें कडेवर घेऊन स्तूपासमोर तासन् तास रांगेंत उभी राहतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं कुशीनाऱ्याचे वृद्ध भिक्षु चंद्रमणि यांच्याकडून दीक्षा घेतली आणि त्यानंतर स्वतः लाखों स्त्रीपुरुषांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली, हें आपणां सर्वांस विदित आहेच. त्या प्रसंगींच्या बावीस प्रतिज्ञांपैकीं अकरावी प्रतिज्ञा आर्य अष्टांगिक मार्गानें चालण्याची आहे. त्या मार्गाचें सातवें अंग म्हणजे सम्यक् स्मृति. आज मी एवढ्या एका अंगाविषयींच बोलणार आहें.

हाच विषय घेण्यास एक लहानसें निमित्त झालें. सम्यक् वाचा म्हटली कीं खोटें बोलूं नये, चहाडी करूं नये, हें कोणासहि समजतें. सम्यक् आजीविका म्हटली कीं पाप करून पोट भरूं नये, हेंहि समजतें. स्मृतीपाशीं मात्र माणूस अडतो. आमच्या वस्तींत एक वृद्ध बाई आहेत. १९५६ सालीं आपल्या आईच्या कडेवर बसून त्या दीक्षेला आल्या होत्या. त्यांच्या नातवानें त्यांस ध्यानाच्या शिबिराचें कांहीं सांगितलें असावें. मला वाटेंत गांठून त्या म्हणाल्या, "गुरुजी, म्या डोये मिटले त भाकरी कोन टाकन?"

मी हंसलों, परंतु उत्तर कांहीं चटकन् देतां आलें नाहीं. घरीं आल्यावर वाटलें, या बाईनें विचारलेला प्रश्न माझाहि आहे. जन्मभर शाळेंत मुलें शिकविलीं. डोळे मिटून बसण्याची सवड मिळाली ती निवृत्तीनंतर. मग जेव्हां सवड नव्हती, तेव्हां माझ्या हातून जें झालें त्याचें काय?

प्रथम शब्दाकडे पाहूं. पाली भाषेंतील 'सति' म्हणजेच संस्कृतांतील 'स्मृति'. मराठींत आपण स्मृति म्हणजे गेलेल्या गोष्टीची आठवण असें समजतों. येथें तो अर्थ नाहीं. ज्या क्षणीं आपण जें करीत आहों, त्या क्षणीं त्याचीच आठवण असणें म्हणजे ही स्मृति. आपल्या भाषेंत याला फार सुंदर शब्द आहे. धांवतां धांवतां ठेंच लागलेल्या मुलाला आई म्हणते, "अरे, भान कुठें आहे तुझें?" तें हें भान. आतां गंमत अशी कीं भान गेलेलें असतें तेव्हां तें गेलें आहे हें आपणांस कळत नाहीं; परत आल्यावरच कळतें.

या विषयावरील मुख्य प्रवचन 'सतिपट्ठान सुत्त' या नांवानें प्रसिद्ध असून तें मज्झिमनिकायांत दहावें आहे. कुरु देशांत कम्मासदम्म नांवाच्या गांवीं भगवान बुद्धांनीं तें सांगितलें. काया, वेदना, चित्त आणि धर्म अशीं त्यांत स्मृतीचीं चार स्थानें सांगितलीं आहेत. प्रारंभ श्वासापासून आहे. पण श्वास संपतांच कशाचा विचार आहे पहा. पुढें जाणें, मागें वळणें, समोर पाहणें, हात आंखडणें, हात पसरणें, वस्त्र नेसणें, खाणें, पिणें, चावणें, चव घेणें, शौचास जाणें, उभें राहणें, झोंपणें, जागें होणें, बोलणें आणि गप्प बसणें! यांतील एकहि गोष्ट अशी नाहीं कीं जी आपण आज सकाळपासून केलेली नाहीं. शौचाचा उल्लेख करण्यासहि सुत्तकारांना संकोच वाटला नाहीं; आम्हां मास्तर लोकांना तो वर्गांत वाचतांना वाटला असता.

कुरु देशांतील लोकांविषयीं अट्ठकथेंत एक मजेदार हकीकत आहे. तेथें म्हणे दासदासीसुद्धां स्मृतीचा अभ्यास करीत. पाणवठ्यावर आणि सूत कांततांना बायकांच्या गप्पाहि त्याच विषयाच्या. एखादीला विचारलें, "बाई, तूं कोणत्या स्मृतीचा अभ्यास करतेस?" आणि ती "कोणत्याच नाहीं" म्हणाली, तर बाकीच्या तिला रागें भरत. अट्ठकथाकारानें थोडी अतिशयोक्ति केली असेल. परंतु त्याला हें कांहीं अरण्यांतल्या गुहेंतच शोभणारें वाटत नव्हतें, एवढें तर यावरून दिसतें. घागर भरतां भरतां होणारी ही गोष्ट होती.

हें सारें मराठी माणसासमोर आणलें तें आचार्य धर्मानंद कोसंबी यांनीं. गोव्यांतील सांखवाळ येथें १८७६ सालीं त्यांचा जन्म झाला. 'बालबोध' या मुलांच्या मासिकांत बुद्धाची हकीकत त्यांच्या वाचनांत आली आणि तिनें या तरुणाच्या मनाची अशी पकड घेतली कीं पुढें घरदार सोडून ते सिंहलद्वीपास गेले, पाली शिकले, भिक्षु झाले, आणि ब्रह्मदेशांत राहून त्यांनीं ध्यानाचा अभ्यास केला. नंतर चीवर उतरवून ते पुन्हां संसारांत आले, प्राध्यापक झाले. ध्यानाची रीत सांगणारें त्यांचें 'समाधिमार्ग' हें पुस्तक १९२५ सालचें. त्यांचा 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ १९४०-४१ मध्यें नागपूर-पुण्याच्या सुविचार प्रकाशन मंडळानें काढला. या थोर पुरुषानें ४ जून १९४७ रोजीं, अन्नत्याग करून, आपल्या शेजारच्या सेवाग्राम येथें देह ठेवला. मुलांच्या मासिकांतील एका लेखानें काय होऊं शकतें, याचें याहून मोठें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

कोसंबींनीं ज्याचें संपादन केलें तो 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ बुद्धघोषाचार्यांनीं पांचव्या शतकांत सिंहलद्वीपांत लिहिला. त्यांत माणसाचा स्वभाव कसा ओळखावा याची चर्चा आहे, आणि ती वाचून मी थक्क झालों. आचार्य सांगतात, माणूस झाडतो कसा तें पहा. अनुरागी स्वभावाचा माणूस झाडू नीट धरतो, घाई न करतां एकसारखें स्वच्छ झाडतो. द्वेषशील माणूस झाडू घट्ट आवळतो, दोन्ही बाजूंना धूळ उडवीत, कर्कश आवाज करीत झाडतो. झाडलेलें एकसारखें होत नाहीं. मोहग्रस्त माणूस झाडू ढिला धरतो आणि कचरा तिथल्या तिथें फिरवितो. आमच्या शाळेंत मुलें पाळीपाळीनें वर्ग झाडीत. हें वाचल्यावर मला ते तिन्ही झाडू डोळ्यांसमोर दिसले. मग मीं स्वतःकडे पाहिलें. मला झाडण्याचें काम नव्हतें. पण शाळेंत सर्वांत जास्त खडू कोणाच्या हातून मोडत असतील तर ते माझ्या. त्याचें कारण मी इतकीं वर्षें खडूच्या प्रतीवर ढकलीत होतों.

येथें मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सुमारें तीस वर्षांपूर्वीची आहे. वर्गांत एक मुलगा होता. पाठांतरांत तो अगदींच मंद. सतराचा पाढा म्हणूं लागला कीं सतरा सकांशीं अडे. रोज तेथेंच अडे. त्या दिवशीं सकाळीं हजेरीपटांतील एका चुकीवरून मला वरिष्ठांनीं शिपायादेखत बोल लावले होते. मी निमूटपणें ऐकून वर्गावर आलों. तो मुलगा उभा राहिला, सतरा पांचांपर्यंत आला, थांबला, आणि माझा हात त्याच्या गालावर बसला. त्याची वही खालीं पडली. त्यानें ती उचलली, पुसली, आणि सतरा एकेपासून पुन्हां प्रारंभ केला. पुन्हां सतरा सकांशीं थांबला आणि माझ्याकडे पाहूं लागला. वर्गांत एकहि मूल हंसलें नाहीं.

ती चपराक हजेरीपटाची होती, पाढ्याची नव्हती. हें मला त्या वेळीं कळलें नाहीं, त्या रात्रींहि कळलें नाहीं. कळलें तें पुष्कळ वर्षांनीं, चुल्लपंथकाची कथा वाचतांना. हा चुल्लपंथक भिक्षु इतका मंदबुद्धि होता कीं चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. त्याचा गुरु म्हणजे त्याचाच थोरला भाऊ. त्यानें कंटाळून त्याला विहारांतून निघून जावयास सांगितलें. दाराशीं रडत उभ्या असलेल्या त्या भिक्षूला बुद्धांनीं परत बोलावलें आणि पाठ करण्यास दुसरी गाथा न देतां एक पांढरें स्वच्छ फडकें दिलें. 'रजोहरण, रजोहरण' म्हणत हें हातांनीं चोळीत बस, एवढेंच सांगितलें. चोळतां चोळतां फडकें मळलें. हातांच्या स्पर्शानें शुभ्र वस्तु मळते हें तो पाहत राहिला, आणि ज्याला एक गाथा येत नव्हती तो त्या दिवशीं अर्हत्पदास पोंचला. मास्तराच्या दृष्टीनें या कथेंत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं थोरल्या भावाची विद्वत्ता कमी नव्हती. कमी होतें तें भान. समोरचा कोण आहे, याचें आणि आपल्या मनांत काय चाललें आहे, याचें.

बुद्धांनीं दुःखाच्या उत्पत्तीचा जो क्रम सांगितला आहे त्यांत वेदनेपासून तृष्णा होते असें म्हटलें आहे. वेदना म्हणजे येथें केवळ दुखणें नव्हे. सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशी जी संवेदना होते तिला वेदना म्हणतात. वरिष्ठ बोलले, तेव्हां माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, जबडा आवळला गेला होता, श्वास छातींतल्या छातींत फिरत होता. हें सर्व शरीरांत घडत होतें, आणि तें घेऊन मी जिना चढून वर्गांत आलों. जिना चढतांना जर मला एकदां कळलें असतें कीं 'माझे कान तापले आहेत', तर हात उठला नसता असें मी शपथेवर सांगूं शकत नाहीं. पण हात उठण्यापूर्वीं त्याला एक पायरी तरी अधिक चढावी लागली असती.

वेदना होऊंच नये, असें कोणी म्हणत नाहीं. वैशाखांत नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. अंगाची लाही होते. ती होणारच. परंतु त्या लाहीपायीं कूलरमध्यें पाणी कोणीं भरावयाचें यावरून दोन भाऊ एकमेकांशीं आठ दिवस बोलत नाहींत, हें उन्हाचें काम नव्हे. ऊन आणि अबोला या दोहोंच्या मधली जागा फार अरुंद आहे. स्मृतीचें सारें काम त्या अरुंद जागेंत चालतें.

कोणी याचा अर्थ राग गिळणें असा करील, तर तो चुकेल. राग गिळलेला माणूस मी होतोंच. हजेरीपटाच्या वेळीं गिळला आणि वर्गांत ओकला. सुत्तांत म्हटलें आहे तें एवढेंच कीं चित्त द्वेषयुक्त असेल तर द्वेषयुक्त आहे असें जाणावें. त्याला शिव्या द्याव्या किंवा त्यावर शालजोडी पांघरावी असें कोठेंहि सांगितलेलें नाहीं.

मग आसन घालून बसावयाचें कशासाठीं? मला वाटतें, मूल आधीं पाटीवर अक्षर गिरवितें आणि मग मामाला पत्र लिहितें, तसेंच हें आहे. गडबडींत सूक्ष्म गोष्ट दिसत नाहीं, म्हणून ती निवांत जागीं पाहण्याची संवय करावयाची. नाकाशीं येणारा-जाणारा श्वास पाहणें, याला आनापान म्हणतात. मी स्वतः निवृत्तीनंतर एका शिबिरांत दहा दिवस मौनानें बसलों. पहिले तीन दिवस गुडघ्यांनीं जें सांगितलें तें मीं साठ वर्षांत ऐकलें नव्हतें. या पद्धतीचा प्रसार ज्यांनीं केला ते सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ सालीं ब्रह्मदेशांत मंडाले येथें झाला. ते १९६९ मध्यें भारतांत आले. त्यांचें इगतपुरीचें केंद्र १९७६ पासून चालू आहे. आपल्या नागपूरजवळहि माहुरझरी येथें असें केंद्र आहे. विशेष हें कीं, त्यांचे गुरु सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते. हिशेबाच्या वह्या, सह्या, कचेरी, संसार हें सर्व सांभाळून हा गृहस्थ ध्यान शिकवीत असे, आणि कचेरींतील माणसांनाहि शिकवीत असे.

गोयंका हे तरुणपणीं अर्धशिशीनें बेजार होऊन त्यांच्याकडे गेले. तेव्हां ऊ बा खिन यांनीं त्यांस सांगितलें कीं, केवळ डोकेंदुखी घालविण्यासाठीं येणार असाल तर येऊं नका. ही हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. १९७९ सालीं अमेरिकेंत जॉन कॅबट-झिन यांनीं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयांत रुग्णांसाठीं अभ्यासक्रम काढला, आणि तेव्हांपासून ही स्मृति जगभर रुग्णालयांत, कारखान्यांत, कचेऱ्यांत शिरली. दुखणेकऱ्याला आराम पडत असेल तर त्याला नांव कोण ठेवील? मात्र हल्लीं मोबाइलच्या यंत्रावर पांच मिनिटांचें ध्यान विकावयास असतें, तें घेऊन माणूस ताजातवाना होतो आणि पूर्वींचाच अन्याय अधिक उत्साहानें करूं लागतो, हें मला पटत नाहीं. आठ अंगांतील एक अंग कापून घेतलें तर तें मार्गाचें अंग राहत नाहीं. उलट बाजूनेंहि धोका आहेच. बाबासाहेबांनीं आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या, निधनानंतर १९५७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रारंभींच असा प्रश्न उपस्थित केला आहे कीं, भिक्षु हा केवळ स्वतः पूर्ण होऊं पाहणारा पुरुष कीं समाजाचा सेवक? स्वतःपुरतें पाहणारा भिक्षु त्यांना स्वार्थी वाटला. शेजारीं कोणावर हात उगारलेला दिसत असतां जो डोळे मिटून श्वास मोजतो, त्याची स्मृति सम्यक् म्हणतां येणार नाहीं.

शाळांतून मुलांना दहा मिनिटें आनापान शिकविण्याचा 'मित्र उपक्रम' महाराष्ट्र शासनानें काढला, तेव्हां मला बरें वाटलें. पण माझें मत विचाराल तर तीं दहा मिनिटें मुलांआधीं मास्तरांना द्यावीं.

दैनंदिन जीवनांत हें जमावें कसें, यासाठीं कोसल देशाच्या पसेनदि राजाची गोष्ट मला उपयोगी पडली. हा राजा एका वेळीं द्रोणभर तांदुळांचा भात जेवीत असे. जेवून धापा टाकीत तो बुद्धांकडे आला. बुद्धांनीं, जो भानावर राहून भोजनांत प्रमाण जाणतो त्याला पीडा कमी होते आणि तो सावकाश जीर्ण होतो, अशा अर्थाची एक गाथा म्हटली. राजाच्या मागें सुदर्शन नांवाचा एक तरुण उभा होता. राजानें त्याला सांगितलें, "ही गाथा पाठ कर आणि माझ्या जेवणाच्या वेळीं म्हणत जा, रोज शंभर कार्षापण देईन." होतां होतां राजा नाळीभर भातावर आला आणि हलक्या अंगानें गात्रांवरून हात फिरवूं लागला. आमच्याकडील लग्नांत वडाभात वाढतेवेळीं असा एक सुदर्शन उभा करावयास हरकत नाहीं! या कथेंतील खुबी अशी कीं, राजानें ती गाथा पहांटे देवघरांत म्हणविली नाहीं. ताट समोर असतांना म्हणविली. जेथें भान सुटतें, तेथेंच त्यानें खूण रोवली.

तेव्हां त्या बाईंना मीं एवढेंच सांगितलें कीं, "मावशी, डोळे मिटूं नका. भाकरी थापतांना हातच पाहा. पीठ ओलें लागतें कीं कोरडें, बोटांना चटका बसतो कीं नाहीं, आणि मन कोठें गेलें तें." त्या म्हणाल्या, "मन त सुनेपाशीच असते." मीं म्हटलें, "मग तेंहि पाहा."

त्या मुलाची हकीकत अपुरी राहिली. चार वर्षांपूर्वीं बर्डीवर मीं एका ऑटोरिक्षाला हात केला. चालकानें मागें वळून "गुरुजी!" म्हणून हांक मारली. मीं त्याला ओळखलें नाहीं. त्यानेंच नांव सांगितलें. घरापर्यंत तो आपल्या मुलीच्या शाळेविषयीं बोलत होता. मी पैसे देऊं लागलों तर घेईना. मीं त्याला त्या दिवसाविषयीं विचारलें. तो म्हणाला, "आठवते ना गुरुजी. सतरा सक एकशेदोन. आतां नाही विसरत." हें बोलून तो हंसला. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्याचें मला त्या वेळीं स्पष्ट कळलें. मीं त्याची क्षमा मागितली. तो इतका गोंधळला कीं ऑटो सुरू करण्यास त्याला दोनदां खटपट करावी लागली.

काल त्या मावशी पुन्हां भेटल्या. सून कांहीं लागट बोलली होती म्हणे. उत्तर ओठांवर आलें, तोंच तव्यावरची भाकरी उलटण्याची वेळ झाली. त्यांनीं ती उलटली, कडा दाबून पाहिल्या, चुलीशीं लावून फुगविली.

"मग सुनेला काय म्हणालां?" मीं विचारलें.

"काय मननार? भाकर वाढली तिले."